‘टेन्शन’ या एका शब्दापलीकडे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



शाळेच्या हीरक महोत्सवात माजी विद्यार्थ्याला बोलावले जाते, तेव्हा त्याने आठवणी सांगाव्यात अशी अपेक्षा असते. तो आनंद आपल्याला इतर वक्त्यांकडून भरपूर मिळेल. मी मात्र आपली अनुमती गृहीत धरून, गेली काही वर्षे इंदूरमध्ये जे काम करतो आहे त्याविषयी बोलणार आहे. अठरा ते पंचवीस या वयाच्या तरुणांना एकत्र आणायचे आणि हाती कोणतीही लिखित संहिता नसताना, त्यांच्याच जगण्यातून एक नाटक उभे करायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. नाटक उभे राहावे ही इच्छा असतेच. परंतु त्या निमित्ताने त्या तरुणांनी आपल्या मनाकडे पाहावे, एकमेकांच्या मनाकडे पाहावे, हा त्यामागील मुख्य हेतू आहे.

या कामाची गरज काय, असे कोणी विचारले तर प्रथम काही आकडे सांगावे लागतात. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांतील दर दहांमागे सात पुरुष होते. मृतांपैकी सुमारे एक तृतीयांश १८ ते ३० या वयोगटातले होते आणि विद्यार्थ्यांची संख्या १३,००० हून अधिक होती. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दुसरी बाजू दाखवली. मानसिक विकार असलेल्यांपैकी, विकाराच्या प्रकारानुसार, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आत्महत्येमागे कधीही एकच कारण नसते, हे तज्ज्ञ आपल्याला वारंवार बजावतात आणि ते योग्यच आहे. तथापि या आकड्यांच्या मुळाशी जे अनेक धागे आहेत, त्यांतला एक माझ्या रोजच्या कामात माझ्या हाती येतो. तो म्हणजे मुलग्यांचे मौन.

हे मौन जन्मजात नसते. चार वर्षांचा मुलगा पडला तर मोकळेपणाने रडतो. आठ वर्षांचा होईपर्यंत ‘मुलीसारखा रडतोस काय?’ हे वाक्य त्याने घरी, अंगणात आणि वर्गात इतक्यांदा ऐकलेले असते की रडू आले तरी तो तोंड फिरवतो. पुढे त्याला दोनच भावना उघडपणे दाखवण्याची मुभा उरते: राग आणि थट्टा. भीती वाटली तर तो चिडतो. अपमान झाला तर विनोद करतो. आपण त्याला तापट किंवा खुशालचेंडू म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.

आमच्या तालमींना येणारे बहुतेक तरुण मराठी घरांतले आहेत. घरी मराठी, रस्त्यावर आणि मित्रांत हिंदी, अभ्यासात व नोकरीत इंग्रजी, अशा तीन भाषांत ते सहजपणे वावरतात. पण मनाचा विषय निघाला की तिन्ही भाषांत त्यांच्यापाशी मिळून एकच शब्द असतो: ‘टेन्शन’. परीक्षेचे टेन्शन, घरचे टेन्शन, तिने बोलणे बंद केले त्याचे टेन्शन. धास्तीही टेन्शन आणि शोकही टेन्शन. म्हणून काही आठवड्यांनी मी त्यांच्यासमोर एक फळा ठेवतो आणि सांगतो, घरी जाऊन आजीला, आईला, आत्याला विचारा की मनाला काय काय होते. पुढच्या तालमीला फळा भरू लागतो. हुरहुर, घालमेल, तगमग, कासावीस, काहूर, धास्ती, कोंडमारा, उबग, विषण्णता, भरून येणे, गलबलणे. मग प्रत्येक शब्द शरीराने करून पाहायचा. घालमेल कशी चालते? कोंडमारा कुठे बसतो, छातीत की घशात? विषण्ण माणूस दार कसे उघडतो? एका तरुणाने एकदा म्हटले, ‘मला दोन वर्षं टेन्शन नव्हतंच दादा, मला उबग आला होता.’ डॉक्टरांसमोर बसल्यावर या दोन शब्दांतला फरक किती मोलाचा ठरू शकतो, हे मी आपल्याला सांगायला नको.

महाराष्ट्रापासून दूर या शाळेने साठ वर्षे मराठी शिकवली ती कशासाठी, असा प्रश्न आपल्याला अनेकदा ऐकावा लागतो. संस्कृती, परंपरा ही उत्तरे आपण देतोच. मी त्यात एक अगदी व्यावहारिक उत्तर जोडू इच्छितो. ज्या भाषेत आपण प्रथम घाबरलो आणि प्रथम कुशीत शिरलो, त्या भाषेतच मनाची ही बारीक नावे साठलेली असतात. ती हाताशी असणे हे आरोग्याचेही साधन आहे.

आता या नाट्यप्रकाराविषयी. इंग्रजीत त्याला ‘डिव्हाइज्ड थिएटर’ म्हणतात. आपण त्याला तालमीतून घडलेले नाटक म्हणू. लेखकाने आधी लिहायचे, दिग्दर्शकाने बसवायचे आणि नटांनी पाठ करायचे, हा क्रम येथे नसतो. सारा संच मिळून प्रवेश रचतो, मोडतो, पुन्हा रचतो. हे काही आपल्याला सर्वस्वी परके नाही. कोकणातल्या दशावतारी नाटकात आख्यान आधी ठरते, संवाद मात्र नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. तमाशातली बतावणीही अशीच हजरजबाबीपणावर चालते. मनाच्या उपचारासाठी अशा उत्स्फूर्त नाट्याचा उपयोग जेकब मोरेनो यांनी केला. १९२० च्या दशकात व्हिएन्नामध्ये त्यांनी जे प्रयोग केले, त्यांतून पुढे ‘सायकोड्रामा’ ही पद्धती आकाराला आली. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी प्रेक्षकालाच रंगमंचावर बोलावणारे ‘फोरम थिएटर’ घडवले. आपल्याकडे बादल सरकारांनी नाटक प्रेक्षागृहाबाहेर, माणसांच्या जवळ आणले. आणि पश्चिम बंगालमध्ये १९८५ मध्ये स्थापन झालेली जनसंस्कृती ही संस्था खेड्यापाड्यांत बोआल यांच्या पद्धतीने काम करते आहे. आम्ही या सर्वांचे ऋणी आहोत.

तालमीचे पहिले तीन आठवडे आम्ही मनाविषयी एक अक्षरही बोलत नाही. चालायचे, थांबायचे, दुसऱ्याचा तोल सांभाळायचा, डोळे मिटून साथीदाराच्या हाकेमागे जायचे, सर्वांनी मिळून एक ताल धरायचा. पालक कधीकधी विचारतात, यात मानसिक आरोग्य कुठे आले? माझे निरीक्षण असे की तरुण मुलाला समोर बसवून ‘तुला काय वाटते ते सांग’ म्हटले की तो मिटतो. तोच मुलगा शेजारी उभा राहून दोरी ओढताना, पडदा बांधताना, एखादा प्रवेश दहाव्यांदा करताना आपोआप बोलू लागतो. समोरासमोरच्या बोलण्यात त्याला चौकशीचा वास येतो. खांद्याला खांदा लावून काम चालले असले म्हणजे बोलणे हे त्या कामाचा भाग होऊन जाते.

चौथ्या आठवड्यात प्रत्येकाने घरून एक वस्तू आणायची असते. जुन्या स्कूटरची किल्ली येते, परीक्षेचे प्रवेशपत्र येते, मोडलेला चष्मा येतो. त्या वस्तूभोवती छोटे प्रवेश रचले जातात. येथे आमचे तीन नियम आहेत आणि ते पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितलेले असतात. पहिला नियम, हा प्रवेश खरा की कल्पित, आणि खरा असल्यास कोणाचा, हे कोणीही विचारायचे नाही. दुसरा, एकाने रचलेला प्रवेश दुसऱ्याने करायचा आणि तिसऱ्याने बदलायचा. तीन हातांतून गेल्यावर तो कोणा एकाचा राहत नाही. तिसरा, कोणीही, केव्हाही, कारण न देता हात वर करून ‘थांबा’ म्हणू शकतो, आणि मग दिग्दर्शकानेही थांबायचे. दिग्दर्शक म्हणून माझ्याकडे या कामात जे काही कौशल्य असेल, त्यातला मोठा भाग न विचारण्यात आहे. ओढून काढलेली व्यथा रंगमंचावर प्रभावी दिसते, परंतु ज्याची ती असते तो रात्री घरी एकटा जातो.

एक साधा प्रवेश आपल्याला सांगतो, कारण तो प्रत्येक संचात कोणी ना कोणी आणतोच. रात्रीचे जेवण. वडील विचारतात, ‘अभ्यास कसा चाललाय?’ मुलगा म्हणतो, ‘ठीक.’ आई भाजी वाढते. प्रवेश संपला. मग आम्ही प्रत्येक पात्राच्या मागे आणखी एक नट उभा करतो. त्याने पात्राच्या मनातले बोलायचे. मुलाच्या मागचा आवाज लगेच सुरू होतो. त्याला सांगण्यासारखे खूप असते. वडिलांच्या मागे उभा राहिलेला तरुण मात्र बराच वेळ गप्प असतो. आपल्या वडिलांच्या मनात काय चालले असेल, याचा त्याने कधी विचारच केलेला नसतो. मग हळूहळू शब्द येतात: ‘मला नीट विचारता येत नाही. माझ्या बाबांनी मला कधी विचारलं नव्हतं. निवृत्तीला चार वर्षं उरलीत.’ या क्षणी तालमीच्या खोलीत जी शांतता पसरते, ती मी अन्यत्र क्वचितच अनुभवली आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच मौन बसलेले आहे, हे त्यांना दिसते.

दुसरी गोष्ट शेवटाची. तरुणांना दुःखाचे नाटक करायला सांगितले की बहुतेक संच पहिल्या आराखड्यात नायकाला मारतात. चित्रपटांनी आणि बातम्यांनी त्यांना हाच शेवट शिकवला आहे. आमच्या नाटकात मृत्यू दाखवला जात नाही. आत्महत्येची पद्धत वर्णन करू नये, तिचे उदात्तीकरण करू नये, तिला प्रश्नाचे उत्तर म्हणून मांडू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने माध्यमांसाठी घालून दिलेले संकेत आम्ही रंगमंचालाही लागू मानतो. मुले वाद घालतात. शेवट खोटा होईल, म्हणतात. मी त्यांना एवढेच विचारतो, ‘त्याच्या एक तास आधी काय झालं? आदल्या आठवड्यात कोण भेटलं होतं? त्या वेळी कोणी काय वेगळं केलं असतं?’ मग नाटक खऱ्या अर्थाने सुरू होते. प्रयोगानंतर तेच प्रवेश आम्ही पुन्हा करतो आणि प्रेक्षकांतील कोणीही ‘थांबा’ म्हणून एखाद्या पात्राची जागा घेऊ शकतो. एकदा सत्तरीचे एक गृहस्थ काठी टेकत वर आले आणि त्यांनी मित्राची भूमिका घेतली. आधी आलेल्या चौघांनी नायकाला भरपूर उपदेश केला होता. हे आजोबा काहीच बोलले नाहीत. ते त्याच्या शेजारी बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, ‘चल, चहा घेऊ. बोलायचं नसेल तर नको बोलूस.’ नायकाचे काम करणाऱ्या मुलाला पुढचे ठरलेले वाक्य उच्चारता आले नाही. ते वाक्य आम्ही नंतर नाटकातून काढून टाकले.

आता एक प्रसंग सांगतो. संबंधित तरुणाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे मुख्यालय आपल्याच शहरात असल्यामुळे भंवरकुआं परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांची किती गर्दी असते, हे आपण जाणताच. त्यांपैकी हा एक. दोनदा अपयश आल्यावर त्याने वर्गाला जाणे सोडले होते, पण घरी सांगितले नव्हते. रोज सकाळी आईने दिलेला डबा घेऊन तो निघे, दिवसभर रेल्वे स्थानकाच्या बाकावर बसे आणि संध्याकाळी वेळेवर परते. तालमीत त्याने डब्याचा जो प्रवेश रचला, तो संपूर्ण नाटकातला सर्वांत सशक्त प्रवेश होता. बाकावर बसून तो डबा उघडतो, पोळी मोडतो आणि आईला फोनवर सांगतो की आज वर्गात फार छान शिकवले.

प्रयोगाला आठ दिवस उरले असताना तो म्हणाला, ‘बाबा येणार आहेत. हा प्रवेश नको.’ संचात तीव्र वाद झाला. काहींना वाटले, नाटकाचा कणाच जातो. काहींनी सुचवले की दुसऱ्याने तो करावा. वडिलांना कळणार नाही. एकाने तर विचारले, ‘आपण मौनाविरुद्ध नाटक करतोय ना? मग हे काय?’ प्रश्न बिनतोड होता. मी माझा निर्णय सांगितला: प्रवेश ज्याच्या जगण्यातून आला, त्याचा शब्द अखेरचा. कोणाचे मौन कधी सुटावे याचे वेळापत्रक नाटकाने ठरवायचे नसते. प्रवेश निघाला. त्याच्या जागी रंगमंचाच्या एका कडेला नुसते एक बाक आणि त्यावर बंद डबा राहिला. त्याचा उल्लेख कोणीही केला नाही.

पुढच्या बैठकीत त्या तरुणाने सांगितले की प्रयोगाहून परतताना वडिलांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला थांबवली आणि विचारले, ‘तो डबा कोणाचा होता रे?’ तो म्हणाला, ‘बाबा, सांगतो तुम्हाला. पण घरी नको, इथंच सांगतो.’ त्यापुढचे आम्ही विचारले नाही. एवढे मात्र सांगतो की हे एका नाटकाने घडले असे मी मानत नाही. आमच्या समुपदेशक ताई त्याच्याशी आधीपासून बोलत होत्या, आणि पुढेही कित्येक महिने बोलत राहिल्या.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. नाटक हा उपचार नव्हे. दिग्दर्शक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. आमच्या प्रत्येक तालमीला प्रशिक्षित समुपदेशक उपस्थित असतात, आणि कोणाची झोप, भूक, बोलणे आठवड्यामागून आठवडे बिघडलेले दिसले तर त्याला डॉक्टरांपर्यंत नेण्याची वाट आधीच आखलेली असते. अशी सोय नसेल तर या विषयावर असे नाटक करू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने एक क्रमांक लिहून ठेवावा: १४४१६. ही केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. कायद्याचीही धास्ती नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करण्याची आणि शासनाने तिची काळजी घेण्याची दिशा स्वीकारली आहे. आणि पालकांसाठी एक गोष्ट: ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे शांतपणे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात रुजत नाही. उलट, आपल्याशी हे बोलता येते, एवढे त्याला कळते.

शेवटी शाळेकडे वळतो. आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी उत्तम नाटके होतात, बक्षिसे मिळतात. त्यांत वरच्या वर्गांचे एक नाटक असे असावे ज्याला संहिता नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. मुलांनी आपल्या रोजच्या जगण्यातून ते रचावे आणि एक समुपदेशक त्यांच्यासोबत असावा. दुसरी विनंती माजी विद्यार्थ्यांना. स्मरणिकेत गुणवत्ता यादी आणि यशोगाथा असणारच, असाव्यातही. पण आपल्यातले जे दहावीला नापास होऊन पुन्हा बसले, ज्यांचा धंदा बुडाला, जे काही काळ औषधे घेऊन बरे झाले, त्यांनी वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना ते सांगावे. सोळा वर्षांच्या मुलाला अपयशानंतरचा माणूस प्रत्यक्ष दिसायला हवा. नापास झाल्यानंतरही सकाळ होते, चहा होतो, काम मिळते, हे त्याला कोणीतरी जगून दाखवलेले असायला हवे.

आणि पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला समोर बसवून काही विचारू नका. त्याच्याबरोबर सायकलचे पंक्चर काढा, माळा आवरा, भाजी निवडा. तो ‘टेन्शन आहे’ म्हणाला तर लगेच उपाय सांगू नका. ‘म्हणजे कसं रे?’ एवढेच विचारा आणि थांबा. त्याला शब्द शोधायला वेळ लागेल. तो वेळ त्याला द्या.